पेठेंतील घर : जमा आणि खर्च

पुण्याच्या पेठेंत जन्मलेल्या माणसास त्याचा पत्ता विचारावा. तो घराचा क्रमांक सांगणार नाहीं. रस्त्याचें नांवहि बहुधा सांगणार नाहीं. "अमक्या मारुतीच्या मागें, तमक्या हौदावरून डावीकडे, बोळांत शिरलें कीं तिसरा वाडा," असें तो सांगेल. आणि विचारणारास त्या मारुतीची ओळख नसली तर त्याच्याकडे किंचित् दयेनें पाहील. तो मारुति आतां एखाद्या दुकानाच्या पाटीआड गेला असेल, हौद बुजून त्यावर दुचाकी गाड्या उभ्या राहत असतील. तथापि पत्ता बदलत नाहीं. आम्ही ह्याच पंथाचे. सदाशिव पेठेंतील एका बोळांत आमचा दोन चौकी वाडा आहे आणि त्यांत आमच्या पणजोबांपासून आमच्या नातवंडांपर्यंत सर्व पिढ्या नांदल्या. नदीपलीकडे राहावयास गेलेल्या आप्तेष्टांकडे आम्ही जेवावयास जातों, त्यांच्या मोकळ्या हवेची स्तुति करतों, आणि परततांना लकडी पुलाच्या अलीकडे आलों म्हणजे "चला, गांवांत आलों" असें मनांतल्या मनांत म्हणतों.

गेल्या दिवाळीपासून मात्र ह्या समाधानास टोचणी लागली आहे. एका बांधकाम करणाऱ्या गृहस्थांचा प्रस्ताव ती. दादांच्या फडताळांत येऊन पडला. वाडा पाडावा, त्या जागेवर पांच मजली इमारत उठवावी, आम्हां तिघां भावांस व सहा भाडेकऱ्यांस तींत एकेक बिऱ्हाड द्यावें, उरलेलीं बिऱ्हाडें त्यांनीं विकावीं, असा त्याचा सारांश. दादांनीं सही केली. धाकटा भाऊ बंगळुरास असतो. "तुम्ही दोघे ठरवाल तें मला मान्य," असें त्यानें कळविलें. अडलें तें आमच्यापाशीं. सहा-सात महिने आम्ही आज-उद्यां करीत आहों हें पाहून ज्येष्ठांत एके दिवशीं दादा म्हणाले, "अरे, भावनेवर घरें उभीं राहत नाहींत. एक वही घे. डावीकडे जमा लिही, उजवीकडे खर्च लिही. बेरीज काय येते ती तुझी तूंच पाहा." दादांनीं पस्तीस वर्षें बँकेंत काढलीं आहेत; जगांतील बहुतेक प्रश्न दोन रकान्यांत मावतात असें त्यांस वाटतें. आम्हीं वही घेतली. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आज असाच एखादा कागद फडताळांत पडला असेल. म्हणून ती वही येथें उघडी करीत आहों.

जमेच्या बाजूस पहिली नोंद आम्हीं 'इतिहास' अशी केली. १० जानेवारी १७३० रोजीं शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, दोन वर्षांत थोरले बाजीराव तेथें राहावयास गेले, आणि जुन्या कसब्याच्या आसपास सरदार, सावकार, भिक्षुक, कारागीर ह्यांच्या वस्त्या वाढत जाऊन पेठांमागून पेठा झाल्या. आमची पेठ नानासाहेब पेशव्यांच्या काळांत वसली. जे सदाशिवरावभाऊ १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर पडले त्यांचें नांव तिला मिळालें. मनुष्य गेला, पेठ राहिली. नानासाहेबांनींच कात्रजच्या तलावांचें पाणी जमिनीखालून बांधीव नळानें शहरांत आणविलें. वाटेंत हवेसाठीं ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवविले, आणि कोणत्याहि यंत्रावांचून, केवळ उतारानें, तें पाणी पेठांतील हौदांत पोंचविलें. दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधविलेल्या विश्रामबागवाड्यांत, राज्य बुडाल्यावर, १८२१ मध्यें इंग्रज सरकारनें संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यांतूनच पुढें डेक्कन कॉलेज निघालें. आम्ही भाजी आणावयास निघालों म्हणजे ह्यांतलें बरेंच वाटेवर लागतें. परगांवचा मनुष्य मुद्दाम वाट वांकडी करून जें पाहावयास येतो त्याच्यासमोरून आम्ही पिशवी हातांत घेऊन जातों. ह्यांत आमचें कर्तृत्व कांहींच नाहीं. परंतु अभिमानास कर्तृत्व लागतें असें कोणीं सांगितलें?

दुसरी नोंद 'पायाखालचें गांव'. तुळशीबाग, १८८६ त उभारलेली मंडई, लक्ष्मी रस्त्यावरील कापडाचीं दुकानें, अप्पा बळवंत चौकांतील पुस्तकांचीं दुकानें, शाळा, वैद्य, डॉक्टर, वाचनालय, पिठाची गिरणी, भांड्यांस कल्हई करणारा अजून एखादा उरलेला असलाच तर तोहि, सारें आमच्या दारापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस मंडईखालून भुयारी मेट्रो धांवूं लागली. त्यामुळें आमचा नातू कॉलेजांत जातो तोहि पायींच निघतो. ही सोय तरुणांस क्षुल्लक वाटते. तिची खरी किंमत सत्तरीनंतर कळते. नदीपलीकडच्या आमच्या एका स्नेह्यांचें घर प्रशस्त आहे, पुढें बाग आहे. परंतु मोटार चालविणें डॉक्टरांनीं बंद केल्यापासून त्यांस एक टपालाचें पाकीट आणावयाचें तरी मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागते. आमच्या काकूंनीं चौऱ्यायशीं वर्षें पुरीं केलीं आहेत. परवांपरवांपर्यंत त्या एकट्या तुळशीबागेंतील रामाच्या दर्शनास जात, येतांना कोथिंबिरीची जुडी आणीत, आणि त्या जुडीचा भाव सांगून घरांतील सर्वांस अस्वस्थ करीत. पाय चालतात तोंपर्यंत पेठेंतलें म्हातारपण कोणाचें मिंधें होत नाहीं.

तिसरी नोंद 'वास्तु'. घडीव दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, वर कडीपाट. खांबाखांबांमधील जागा ती खण, आणि घर मोजावयाचें तें खणांनीं. मधल्या चौकांतून प्रकाश व वारा घरभर पसरतो आणि दोन फूट जाडीच्या भिंती वैशाखांतील ऊन बाहेर थोपवून धरतात. भर दुपारीं बोळांत डांबर पाघळत असतां आमच्या माजघरांत सतरंजीवर सुखानें झोंप लागते. ज्यांनीं हें घर बांधलें त्यांस हवेचें शास्त्र पुस्तकांतून आलें नव्हतें. पण आलें होतें खास.

चौथी नोंद 'माणसें'. आमच्या वाड्यांत आम्ही आणि सहा बिऱ्हाडें : शिंपीकाम करणारे एक गृहस्थ, निवृत्त शिक्षिका एक बाई, डबे करून देणारें एक कुटुंब, परीक्षांच्या अभ्यासास आलेले तीन विद्यार्थी, आणि पिढीजात राहणारीं आणखी दोन जुनीं बिऱ्हाडें. कोणाच्या घरीं किती वाजतां दिवा मालवला हें सर्वांस ठाऊक असतें. हें कधीं कधीं जाचतें. परंतु ज्या दिवशीं दिवा लागत नाहीं त्या दिवशीं दार ठोठावणारा मनुष्यहि ह्याच माहितीमुळें मिळतो. शाळेंतून आलेल्या पोरास घर बंद दिसलें तर तें रडत नाहीं. शेजारच्या घरीं पोळी-गूळ खाऊन चौकांत खेळूं लागतें. अशा चार नोंदी झाल्या, आणि आम्हीं पान उलटलें.

खर्चाच्या बाजूस लिहितांना हात जड झाला, पण दादा समोर बसले होते. मागच्या चौकांतील तीन खांब वाळवीनें पोखरले आहेत. एका तुळईस लोखंडी टेंकू दिला आहे. कौलें दरवर्षीं फिरवावीं तरी श्रावणांत दोन बादल्या माडीवर ठेवाव्या लागतात. पावसाळा जवळ आला म्हणजे महानगरपालिकेकडून धोक्याच्या वाड्यांस नोटिसा जातात. आमच्यासमोरच्या वाड्यास गेल्या वर्षीं आली, आम्ही आमच्या पाळीची वाट पाहत आहों. दुरुस्ती कां करीत नाहीं, असें कोणी विचारील. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या सप्टेंबरांतील पातळीवर बांधून टाकलीं. त्या वेळीं युद्धाची महागाई होती, हजारों कुटुंबें बेघर होऊं नयेत हा हेतु रास्तच होता. पुढें १९९९ च्या कायद्यानें वर्षास शेंकडा ४ वाढीची मुभा दिली. परंतु मुळांत रक्कमच इतकी लहान कीं शेंकडा ४ नें ती वाढून काय होणार? आमच्या जुन्या बिऱ्हाडांचें वर्षाचें एकंदर भाडें एका वेळच्या कौलें फिरविण्यास पुरत नाहीं. म्हणून मालक दुरुस्ती करीत नाहीं, भाडेकरू जागा सोडीत नाहीं, आणि दोघेहि एकाच गळक्या छपराखालीं एकमेकांस दोष देत बसतात. खरें पाहतां दोघांपैकीं कोणीहि दुष्ट नसतो. एकाजवळ पैसा नसतो, दुसऱ्यास दुसरें घर नसतें.

पुढें लिहिलें, 'अग्नि आणि पाणी'. ज्या सागवानाचें आम्हीं वर कौतुक केलें तें पेटतेंहि तितक्याच थाटानें. १८२८ त शनिवारवाडा जळाला तो कित्येक दिवस धुमसत होता. १८७९ त विश्रामबागवाड्यास आग लागून त्याचा कांहीं भाग गेला. आमच्या वाड्यांतील विजेच्या तारा जुन्या लांकडावरून फिरविलेल्या आहेत. त्यांजकडे पाहिलें कीं हीं सालें आपोआप आठवतात. आणि पाण्याची गोष्ट तर घरांतलीच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. आमच्या आत्यांचें सासर नारायण पेठेंत होतें. पाणी चढलें तेव्हां घर टिकलें. ओसरल्यावर भिजलेल्या मातीच्या भिंती एकामागून एक बसल्या. आत्या म्हणत, "पुरानें नाहीं पाडलें, पूर गेल्यावर पडलें." मातींत बांधलेल्या घराचा हा स्वभावच आहे.

मग गाड्या. बैलगाडी व पालखी ह्यांसाठीं आंखलेल्या बोळांत आज घरटीं दोन दुचाकी उभ्या असतात. मग आवाज. गणेशोत्सव आमच्या पेठांचें भूषण आहे. परंतु ढोलांच्या व ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर ज्यांचें हृदय दुबळें आहे अशा वृद्धांस दहा दिवस परगांवीं पाठवावें लागतें, हेंहि आतां लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

येथपर्यंत आलों आणि एक नोंद अशी निघाली कीं ती कोणत्या रकान्यांत घालावी हें बराच वेळ कळेना. ज्या हौदांचा आम्हीं अभिमानानें उल्लेख केला, त्यांवर सर्वांस पाणी भरतां येत नसे. १८६८ त जोतीराव फुले ह्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस खुला केला. तो मुद्दाम खुला करावा लागला ह्यांतच शहरांतील इतर हौदांची हकीकत आली. त्याच जोतीरावांनीं १८४८ त बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली. तेथें शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंस रस्त्यांत ज्यांनीं छळलें ते कोणी परकी शत्रु नव्हते. आमच्यासारख्याच वाड्यांच्या ओट्यांवर बसणारे होते. तो भिडे वाडा मोडकळीस आला होता. स्मारकासाठीं २०२३ च्या डिसेंबरांत तो पाडण्यांत आला. आमच्याहि वाड्याच्या मागें एक हातभर रुंदीचा बोळ आहे. पुढच्या दारानें ज्यांनीं कधीं यावयाचें नाहीं, त्यांनीं शेतखान्याच्या सफाईसाठीं यावयाचा तो बोळ. लहानपणीं तेथें चेंडू गेला तर तो आणावयाचा नाहीं असा घरचा नियम होता, आणि आम्हीं तो कां म्हणून कधीं विचारला नाहीं. ही नोंद आम्हीं शेवटीं दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिली. ज्या वस्तीची जवळीक आम्ही गातों, तिला कुंपणहि होतें. आणि तें कुंपण ज्यांच्या आंतल्या बाजूस पडलें त्यांनाच ती जवळीक दिसली.

वही अशी अर्धीमुर्धी पडली असतां आषाढांत तो प्रसंग आला. रात्रीचे दोन वाजले असतील. पाऊस कोसळत होता. काकूंचें अंथरूण माडीवर. न्हाणीघर व शौचकूप खालीं, चौकाच्या पलीकडे. त्या उठल्या, कोणास उठवावयाचें नाहीं म्हणून दिवा न लावतां निघाल्या, आणि जिन्याच्या वळणावर त्यांचा पाय चुकला. आमच्या वाड्याचा जिना भिंतीच्या पोटांतून वर जातो. एका वेळीं एकच मनुष्य, आणि तोहि डोकें लववून. काकूंची किंकाळी ऐकून आम्ही धांवलों तेव्हां त्या वळणावर तिरप्या पडल्या होत्या आणि उजवा पाय हलवूं देत नव्हत्या.

रुग्णवाहिका लौकर आली; परंतु ती बोळाच्या तोंडाशीं उभी राहिली. दोन्ही बाजूंस दुचाकी गाड्या, मध्यें पाण्याचा लोंढा. तिच्याबरोबरचा मनुष्य जिना पाहून म्हणाला, "स्ट्रेचर इथें वळणार नाहीं." तेवढ्यांत, हांक न मारतां, वाड्यांतील सर्व दारें उघडलीं होतीं. शिंपीदादांनीं दुकानाची फळी आणली, तिच्यावर काकूंचा पाय बांधला; जाड सतरंजीची झोळी केली; आणि विद्यार्थ्यांपैकीं दोघांनीं वरून, शिंपीदादांनीं व रुग्णवाहिकेच्या माणसानें खालून, एकेक पायरी मोजीत त्यांस उतरविलें. बोळांत बाकीच्या मंडळींनीं गाड्या उचलून बाजूस केल्या. निवृत्त शिक्षिकाबाई छत्री धरून चालल्या. जिन्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत साठ-सत्तर पावलांचें अंतर. त्यास वीस मिनिटें लागलीं. त्या दोघां विद्यार्थ्यांपैकीं एक मराठवाड्यांतील खेड्यांतला. पुढें एकदां चहा पीत असतां तो हंसत म्हणाला, "काका, माझ्या आजोबांना ह्या दारांतून आंत येतां आलें नसतें." तो आमच्या काकूंस त्याच दारांतून हातावर घेऊन बाहेर पडला होता. आम्ही चहाच्या पेल्याकडे पाहत बसलों. दुसरें करण्यासारखें कांहीं नव्हतें.

काकूंच्या खुब्याचें हाड मोडलें होतें. शस्त्रक्रिया झाली, त्या बचावल्या. आणि लज्जेची गोष्ट ही कीं, दुसऱ्याच आठवड्यांत दादा आणि आम्ही त्या रात्रीचा उपयोग आपापल्या बाजूस करूं लागलों. दादा म्हणाले, "जिना पाहिलास? बोळ पाहिलास? आतां आणखी काय व्हावयास हवें?" आम्ही म्हणालों, "आणि माणसें पाहिलींत? पांचव्या मजल्यावर बंद दाराआड पडल्या असत्या तर सकाळपर्यंत कोणास कळलें असतें?" दोघांचेंहि खरें होतें, म्हणूनच भांडण मिटेना.

सौ. वहिनी आंत पोळ्या लाटीत होत्या. त्या हात पुशीत बाहेर आल्या आणि आमच्यापुढची वही त्यांनीं उचलली. ह्या घरांत येऊन त्यांस चव्वेचाळीस वर्षें झालीं. इतक्या वर्षांत त्या अशा बाहेर येऊन बसल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. सारी वही त्यांनीं सावकाश वाचली. मग म्हणाल्या, "भाऊजी, अक्षर छान आहे तुमचें. पण जमेच्या बाजूला जें लिहिलें आहे तें तुम्हीं भोगलेलें आहे. आणि खर्चाच्या बाजूला जें लिहायला हवें होतें तें तुम्हांला ठाऊकच नाहीं."

आम्हीं विचारलें, "म्हणजे काय, वहिनी?"

"म्हणजे बावीस पायऱ्या," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघर खालीं, माणसें वर. दिवसांतून किती वेळां चढलें-उतरलें तें तुमच्या वहींत नाहीं. पाणी पहाटे खालच्या नळाला येतें. तुम्ही उठतां तेव्हां पिंपें भरलेलीं असतात, म्हणून तीं आपोआप भरतात असें तुम्हांला वाटतें. माझीं दोन्ही बाळंतपणें ह्याच घरांत पार पडलीं. सव्वा महिन्याची ओली बाळंतीण रात्रीं पावसांत चौक ओलांडून मागच्या दारीं जात होती. ओटीवर तुमचीं माणसें बसलीं, गप्पा झाल्या. 'माणसें' म्हणून तुम्हीं तीं जमेला धरलींत. त्यांचा चहा कोणीं केला तो कुठल्या रकान्यांत धरायचा? पेठेचा इतिहास मोठा आहे, नाहीं कोण म्हणतो? पण तो जिना चढून वर कोणीं नेला?"

दादा खिडकीबाहेर पाहूं लागले. आम्हीं धीर करून म्हटलें, "मग तुम्हांला वाडा नकोच होता म्हणा ना इतकीं वर्षें."

"तसें नव्हे," वहिनी म्हणाल्या. "वाडा मला आवडतो. मला ह्या वाड्यांत एकदां पाहुणी म्हणून राहायचें होतें, तें जमलें नाहीं. आणि पेठ सोडायची असें कोणीं सांगितलें? पेठ सोडून मी कुठें जाऊं? माझी मंडई इथें, माझ्या भिशीच्या बायका इथें. तुम्ही दोघे पेठ आणि वाडा एकच समजून भांडतां आहां. जिना गेला म्हणून पेठ जाते कां?"

इतकें बोलून त्या आंत गेल्या, कारण तव्यावरची पोळी करपत होती.

आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत राहिलों. वहिनींनीं केलेला भेद साधा होता, पण आम्हांस तो सुचला नव्हता. वस्तीचे जे गुण आम्हीं मांडले त्यांतील पहिले दोन, इतिहास आणि पायाखालचें गांव, हे वाड्याच्या भिंतींत नाहींतच. ते भोंवतालच्या रस्त्यांत आहेत आणि त्याच जागीं राहणारास ते मिळतच राहतील. तिसरा गुण, वास्तूचा, तो मात्र जाईल. तसा चौक व तशा भिंती आतां कोणी बांधणार नाहीं, आणि त्याचें दुःख आम्हांस आहे. राहिला चौथा. शेजार हा चौकामुळें होतो कीं माणसांमुळें? आम्ही इतके दिवस चौकामुळें म्हणत होतों. परंतु त्या रात्रीं ज्यांनीं काकूंस उचललें त्यांतील दोघे वर्षभरापूर्वीं ह्या चौकास ओळखतहि नव्हते. आणि ज्या काळीं चौक भरलेला होता त्या काळीं मागच्या बोळांतल्या माणसास तो शेजार मिळाला नव्हता. चौक मदत करतो, यांत शंका नाहीं. पण तो पुरेसा नाहीं, हें आमच्याच वहीच्या मधल्या रेघेवर लिहिलेलें होतें.

आणखी एक गोष्ट आम्हांस उमगली, ती वाचकांपुढें मुद्दाम ठेवतों. घर ठेवावें कीं पाडावें ह्याचा विचार आपल्याकडे ओटीवर होतो. ज्यांनीं आठवणी जमविल्या ते बोलतात. ज्यांनीं पायऱ्या मोजल्या त्या पोळ्या लाटीत असतात. तराजू ज्याच्या हातीं आहे त्यानें ओझेंहि कधीं वाहिलेलें असावें. नाहीं तर वजन नेहमीं खोटें निघतें.

आम्हीं सही करण्याचें ठरविलें. परंतु डोळे मिटून नव्हे. शहरांत अर्धवट पाडलेले वाडे आणि भाड्याच्या खोल्यांत वर्षानुवर्षें अडकून पडलेलीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत. म्हणून दादा, वहिनी आणि आम्ही असे तिघे बसून पांच अटी लिहिल्या. पहिली, सहाहि भाडेकऱ्यांचे करार आधीं नोंदविले जावे, त्यानंतरच कोणीं घर रिकामें करावें. दुसरी, काम मुदतींत न झाल्यास भरपाईची हमी बँकेमार्फत असावी. ही अर्थात् दादांची. तिसरी, लिफ्ट एवढी असावी कीं तींत स्ट्रेचर आडवें जाईल, आणि दारापुढें रुग्णवाहिका उभी राहील इतकी जागा मोकळी सोडावी. चौथी, आवारांतील आड बुजवूं नये. पांचवी वहिनींची : तळमजल्यावर सर्व बिऱ्हाडांस मिळून बसण्यास एक ओटी असावी, आणि तिच्याजवळ चहा करण्यापुरती मोरी व शेगडीची सोय असावी, म्हणजे ज्याला बसावयाचें असेल त्यानें आपला चहा आपण करावा. बांधकाम करणाऱ्या गृहस्थांनीं पहिल्या चार अटींवर पुष्कळ घासाघीस केली. पांचवी मात्र ते हंसून एकदम कबूल झाले. त्यांच्याहि घरीं कोणी वहिनी असाव्यात.

पाडण्यापूर्वीं वाड्याचीं मापें घेऊन नकाशा करवून घ्यावयाचा, हें काम नातवानें अंगावर घेतलें आहे. तो फीत घेऊन खण मोजीत फिरतो आणि प्रत्येक कोनाडा कशासाठीं होता हें काकूंस विचारतो. काकू आतां खालीं माजघरांत निजतात. चालण्याची काठी अजून त्यांच्या मनास येत नाहीं. परवां त्याच्या हातांतला नव्या इमारतीचा नकाशा त्यांनीं चष्मा लावून पाहिला. लिफ्ट पाहिली, न्हाणीघरांतील कठडा पाहिला, खालची ओटी पाहिली. मग आम्हांस म्हणाल्या, "सगळें चांगलें आहे रे. पण तिथें मी रात्रीं ओरडलें तर ऐकूं जाईल ना?"

आम्हीं "जाईल" असें म्हटलें. परंतु त्यांनीं आमच्या तोंडाकडे जरा अधिकच वेळ पाहिलें. त्याच रात्रीं आम्हीं वही पुन्हां काढली आणि जमेच्या बाजूस सर्वांत खालीं एक ओळ लिहिली : 'हांक ऐकूं जाणें.' पुढची रक्कम कोरी ठेविली आहे. ती आम्हां नऊ बिऱ्हाडांस मिळून भरावयाची आहे, आणि ती भरली कीं नाहीं हें नव्या घरांतील पहिल्या पावसाळ्यांत समजेल.